काठोकाठ भरलेला चहा

ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. माझ्या आतेबहिणीच्या, वैजयंतीच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. आणि ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही. तेवढं जमलं असतं, तर तिची नोकरी टिकली असती.

साल २००६, नोव्हेंबर. वेम्बलीत ईलिंग रोडच्या मागे, मसाल्याच्या गोदामावर एक छोटा साउंड स्टुडिओ होता. वेळ रात्रीची नव्हती. पण लंडनचा नोव्हेंबर तो, दुपारी चारलाच मिट्ट काळोख.

वैजयंती पुण्याहून वर्क व्हिसावर आलेली. सिनेमातले आवाज साफ करायचे, जुळवायचे, हे तिचं काम. मालक हरीश, तिथेच जन्मलेला मराठी माणूस. तो स्वतः काढत असलेल्या पिक्चरमध्ये म्हाताऱ्या राजाचं काम करायला कझाकस्तानातून एक नट आला होता.

ओराझबेक. सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा. वैजयंती त्यांना ‘आगा’ म्हणायची. तिकडे वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात.

आगांनी तरुणपणी ट्रकच्या हौद्यात उभं राहून मेंढपाळांसमोर नाटकं केली. मग अल्माटीच्या थिएटरात अख्खी हयात राजे रंगवले. पिक्चरही पुष्कळ केले. पण त्यांचे ते पिक्चर रशियनमध्ये निघायचे, आणि त्यांच्या तोंडी मॉस्कोतल्या कुणा दुसऱ्याचा आवाज बसवायचे.

चेहरा त्यांचा. आवाज परक्याचा. आयुष्यभर.

म्हणून या पिक्चरला ते एकाच अटीवर आले होते. आवाज माझाच राहील. हरीशने त्यांचा हात हातात घेऊन कबूल केलं होतं. नातीकडून इंग्रजी संवाद घोटून घेऊन आगा वेम्बलीत उतरले.

रेकॉर्डिंगच्या मधल्या सुट्टीत वैजयंती थर्मासमधला चहा द्यायची. पहिल्या दिवशी तिने आपल्या रीतीने कप काठोकाठ भरला. आगांचा चेहरा उतरला. मग ते हसले आणि मोडक्या इंग्रजीत तिला समजावलं. त्यांच्याकडे पाहुण्याला थोडाच चहा ओततात. संपला की पुन्हा थोडा. म्हणजे बस, गप्पा मार. कप पूर्ण भरला, तर अर्थ एकच... हा पी आणि ऊठ.

वैजयंतीला हसू आलं. आपल्याकडे अर्धा कप दिला तर सात पिढ्या नावं ठेवतील. ही गंमत तिने हरीशलाही सांगितली.

तिथेच घात झाला.

रेकॉर्डिंग संपलं आणि हरीशने रंग बदलला. कामापुरता मामा. त्याने एका इंग्रज नटाला गुपचूप बोलावून राजाचे सगळे संवाद पुन्हा रेकॉर्ड करून घेतले. वैजयंती भांडली. कबूल केलं होतंस, म्हणाली. त्यावर हा खांदे उडवून म्हणतो, “लुक, तो ओल्ड मॅनचा ऍक्सेंट कोणाला कळत नाही. नथिंग पर्सनल.”

आगांना सांगायचं कोणी? एवढीही धमक त्याच्यात नव्हती. निरोप घ्यायला आगा आले, तेव्हा हरीशने स्वतः थर्मास उचलला. त्यांच्या डोळ्यांत बघत कप भरला. काठोकाठ. बशीत सांडेपर्यंत.

आगांनी कपाकडे पाहिलं. काचेपलीकडे पडद्यावर त्यांचाच चेहरा होता, आणि त्यातून इंग्रज माणूस बोलत होता. ते उठले. छातीवर हात ठेवून फक्त वैजयंतीला मान लववली. चहाला हातही न लावता निघून गेले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आजही विझलेली नाही.

काही दिवसांनी नातीचा फोन आला. आगा झोपेतच गेले होते. हरीशने “सो सॅड” म्हटलं आणि त्याच दुपारी वैजयंतीला त्यांची सगळी रेकॉर्डिंग्ज पुसून टाकायला लावली. बॅकअपसकट. स्वतः समोर उभं राहून.

मग दोघं पिक्चरची शेवटची तपासणी करायला बसले. चार वाजले होते. बाहेर काळोख. वैजयंतीने दोन कप चहा ओतला. आता हाताला सवयच लागली होती... अर्धा-अर्धा.

पडद्यावर राजाचा तंबू आला. राजाने तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

इंग्रज नटाच्या आवाजाची रेघ कॉम्प्युटरवर हलताना दिसत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. वारा नाही. घोडे नाहीत. पंख्याची घरघरसुद्धा बंद...

मग स्पीकरमधून आवाज आला. कुणीतरी चहाचा घोट घेतल्याचा.

हरीश म्हणाला, “स्टॉप कर.” वैजयंतीने केव्हाच बंद केलं होतं. चित्र थांबलेलं होतं. फक्त राजाचे ओठ हलत होते...

आणि आगा बोलले. त्यांच्या स्वतःच्या आवाजात, घोटून घोटून पाठ केलेलं राजाचं वाक्य.

“या तंबूतून कोण जाणार, ते मी ठरवतो.”

हरीशने खाली पाहिलं.

त्याचा कप काठोकाठ भरला होता. वर येत होता... बशीत सांडत होता... टेबलावरून त्याच्या मांडीवर. बर्फासारखा गार चहा. शेजारी वैजयंतीचा कप होता तसाच, अर्धा.

हरीश कोटसुद्धा न घेता जिना उतरला. तो स्टुडिओत परत कधीच आला नाही. पण पिक्चर त्याने दुसरीकडे पुरा करून घेतलाच, त्याच इंग्रज आवाजात. वैजयंतीने घडलं ते सगळ्यांना सांगितलं, म्हणून हरीशने तिला काढून टाकलं. आगांचा आवाज जगात कुठेच उरला नाही.

आता ती मिल्टन कीन्सला असते. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. तिने मला अर्धा कप चहा दिला आणि हे सगळं सांगितलं. सांगताना ती रागाने थर्मासचं झाकण आवळत होती.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, “जाऊ दे गं. शेवटी एक आवाजच तर होता.”

 ती नुसती माझ्या कपाकडे बघत राहिली.

मीही बघितलं...

थर्मास अजून तिच्याच हातात होता, झाकण घट्ट लावलेलं. आणि माझ्या बशीत चहा सांडायला लागला होता.

मी उठले.