पारडगडचा नगारा

दसरा आठवड्यावर आला होता. पारडगडच्या गढीतला संस्थानी नगारा कुणीतरी भरदिवसा फाडला, आणि त्याच संध्याकाळी सरपंच रत्नदीपच्या घरावर दगड पडले. एक दगड त्याच्या आईला, तानाबाईला लागला. कपाळाला टाके घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून मोहिनी ढोले आली. खासगी तपास हा तिचा व्यवसाय. सोबत नत्थूजी होते. पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार, आता तिची गाडी चालवायचे.

बोलावणं प्रभाकररावांचं होतं. पारडगडच्या राजघराण्यातले ते शेवटचे. आयुष्य शाळामास्तर म्हणून गेलं. चिमुकलं संस्थान केव्हाच विलीन झालं होतं; दसऱ्याच्या सकाळी वाजणारा हा नगारा तेवढा उरला होता.

मोहिनी नगाऱ्याजवळ वाकली. कातड्यावर आधी बारीक, वेडेवाकडे ओरखडे होते. मग एक लांब चीर. भोवतीच्या, कातडं ताणून धरणाऱ्या वाद्या सैल सोडलेल्या. काठावर हळदीकुंकू, अगदी ताजं.

"पूजा तुम्ही केली?"

"नाही. आमची पूजा दसऱ्याच्या सकाळीच. काल कोणी केली, मलाही कळलं नाही," प्रभाकरराव म्हणाले. "मॅडम, रत्नदीप माझा विद्यार्थी. त्यानं हे केलं नसावं. पण माझं कोण ऐकतं?"

रत्नदीप आईच्या खाटेजवळ बसला होता.

"नगारा संग्रहालयाले द्या, असं ग्रामसभेत मीच म्हटलं होतं," तो म्हणाला. "राजा नाई, राज्य नाई, मंग इथं ठेवून काय करता? पण मी काऊन फाडीन? काल मी आष्टीले गेलतो, बाजाराले. अर्धं गाव तिथंच होतं."

"मग लोक काय म्हणतात?"

"माणूस पाठवला म्हणतेत."

बाहेर आल्यावर नत्थूजी पुटपुटले, "मॅडम, मलेबी तसंच वाटते. पाठवलाच असंल."

"पाठवलेला माणूस आधी पूजा करेल, नत्थूजी?"

नगारा वाजवायचा मान चंद्रभानच्या घराण्याचा. ऊन असूनही म्हातारा अंगावर दुपट्टा घेऊन ओसरीवर बसला होता. उजवा हात दुपट्ट्याआड.

"बाजाराले नाई गेलो. घरीच होतो," तो म्हणाला. "काई ऐकू नाई आलं."

त्याच्या मुलीनं, गुलाबनं चहा आणला. मोहिनीचा कप संपला तरी चंद्रभाननं आपल्या कपाला हात लावला नाही. आत गुलाब परातीवर बोटांनी ठेका धरत होती. चांगला पक्का ठेका होता.

"बंद कर ते!" चंद्रभान ओरडला.

"हिला शिकवलंत वाटतं?"

"पोरीले? नगारा?" तो हसला नाही. "लहानपणी लय मागं लागली होती. हाकलून देल्लं."

संध्याकाळी मोहिनीनं सगळ्यांना गढीत बोलावलं. गाव जमलं. तानाबाईही पट्टी बांधून आली.

"ताणलेलं कातडं चिरलं तर बार उडाल्यासारखा आवाज होतो," मोहिनी म्हणाली. "म्हणून आधी वाद्या सैल केल्या. हे नगारा जाणणाऱ्यालाच सुचेल. त्यानं पूजा केली. ज्याला नगाऱ्याचा राग असतो, तो कुंकू लावत नाही. आणि ते ओरखडे? सुरी ठरत नव्हती. हात कापत होता."

ती चंद्रभानकडे वळली. मग हळूच म्हणाली, "चंद्रभानकाका, चहा का नाही घेतलात?"

चंद्रभाननं दुपट्टा बाजूला केला. उजवा हात थरथरत होता, थांबतच नव्हता.

"उन्हाळ्यापासून असं होऊन राह्यलं," तो म्हणाला. "दसऱ्याले गावासमोर काठी हातातून पडली असती. वाटलं, नगाराच नसंल त कोणाले समजणार नाई. पाया पडलो अन् कापला."

"अन् दगड पडले तवा?" तानाबाईनं विचारलं. "तू समोर तुह्या ओसरीवरच होता नं, चंद्रभान?"

त्यानं मान खाली घातली. रत्नदीपचा बाप प्रेमदास हा चंद्रभानचा जिवाभावाचा दोस्त होता. दोघं एका बैलबंडीत बसून बाजाराला जायचे. हात जोडून चंद्रभान रत्नदीपपुढे उभा राहिला.

"हात नका जोडू, काका," रत्नदीप म्हणाला. "तवा तोंड उघडाले पायजे होतं." आणि आईला धरून तो घरी गेला. दगड मारणाऱ्यांपैकी कुणी तोंड वर केलं नाही.

नत्थूजी गाडी वर्ध्याकडे नेत होते. कारंज्याच्या ढाब्यापाशी म्हणाले, "मीबी त्या पोरालेच धरलं होतं, मॅडम."

दसऱ्यानंतर प्रभाकररावांचा फोन आला. नवं कातडं चढवलं होतं. गुलाबनं नगारा वाजवला, लहानपणापासून दारामागून ऐकलेला. सुरुवात बरोबर आली. पण स्वारी गढीबाहेर पडताना वाजणारा मधला ठेका तिला येईना. तो कानानं सापडण्यासारखा नव्हता. हात धरूनच शिकवायचा.

चंद्रभान पुढे झाला. दोन्ही काठ्या घेतल्या. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. हात ऐकेना. गुलाब वाट पाहत उभी राहिली. शेवटी तिनंच त्याच्या हातातून काठ्या काढून घेतल्या आणि तो ठेका सोडून पुढचं वाजवलं.

"तो ठेका आता कोणालाच येत नाही," प्रभाकरराव म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.