मल्लेशनं काय कापलं?

"चीक चाटायचा न्हाई, चिकटवायचा," लुंबिनीनं तिसऱ्यांदा सांगितलं. पण समोर बसलेल्या चार चिमुरड्यांपैकी दोघांची बोटं केव्हाच तोंडात गेली होती.

नांदेडजवळच्या लोहा गावातल्या त्या गल्लीत मे महिना लागला की बायांचे हात कुरडया-पापडांत गुंतायचे, आणि लहान पोरांचे पाय नेमके वाळवणावर पडायचे. लुंबिनी आणि तिचा धाकटा भाऊ आदर्श सुट्टीला लातूरहून काकांकडे आले, त्याच दिवशी मल्लेश नावाच्या चार वर्षांच्या शेजाऱ्यानं एका चादरीवरच्या सगळ्या पापडांवर आपली पावलं उमटवली. त्याच्या आईचा रडवेला चेहरा पाहून लुंबिनीनं जाहीर केलं, "उद्यापासून आठ ते बारा ही पोरं आमच्या पुढच्या खोलीत."

सामान फुकटातलं होतं. लग्नसराईतल्या जुन्या पत्रिका, रद्दी पेपर, चिंचोके, बैलगाडी करायला ज्वारीची धांडं. डिंकाला पैसे कोण देणार? कुरडयांच्या पातेल्याच्या तळाशी उरलेला गव्हाचा चीक त्यापेक्षा घट्ट चिकटायचा. समोरच्या घरातली साक्षी मदतीला आली आणि आठवड्याभरात खोलीच्या भिंती नावा, पंखे, मुकुट आणि मिशांनी भरून गेल्या.

एका सकाळी आतून काकांचा आवाज आला आणि सगळ्यांचे हात थांबले.

लुंबिनीचे अश्वजितकाका शाळेत गुरुजी होते. माणूस मोठा प्रेमळ, पण विसरभोळा. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधावा तो त्यांनीच. आज मात्र हरवलेली गोष्ट चष्मा नव्हती. काकांचे वडील, लिंबाजीआजोबा, पहिलीत दाखल झाले, तेव्हाच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा सापडत नव्हता. जातीच्या पडताळणीला तोच कागद लागणार होता, आणि पडताळणी झाली तरच काकांच्या मुलीचा, बुद्धप्रियाताईचा, नर्सिंगचा प्रवेश पक्का होणार होता. उद्या सकाळी दहाला कागद घेऊन नांदेडला हजर राहायचं होतं. दुसरा उतारा काढावा तर गावाकडच्या शाळेला सुट्टीचं कुलूप.

काका पुढच्या खोलीत आले आणि दारातच थबकले. मल्लेशच्या डोक्यावर खाकी मुकुट होता.

"हे पाकीट! ह्याच्यातच उतारा होता."

त्यांनी मुकुट ओढून काढला. आत काही नव्हतं. मुकुटाचे दातरे मात्र कात्रीनं कापलेले होते, आणि काकांना तेवढा पुरावा पुष्कळ झाला. एवढ्याशा पोराच्या हातात कात्री देतंच कोण, म्हणत त्यांनी ही कातरकामाची शाळा आजपासून बंद करून टाकली. मल्लेश रडला नाही. त्यानं हातातला कागद हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. लुंबिनीला ते हात पाहून काकांचा असा राग आला, की तिलाच रडू फुटलं.

"रडून काय व्हतंय?" साक्षी म्हणाली. "त्यानं कापला असंल तर तुकडे इथंच असतील. चल, शोधू."

तिघांनी भिंतीवरची एकेक वस्तू उतरवली. नावा उलगडल्या, पंखे मोडले, मिशांच्या मागची बाजूसुद्धा वाचली. आदर्श कचऱ्याच्या टोपलीत जवळजवळ डोक्यासकट शिरला. अर्ध्या तासानंतर त्यांच्यापुढे कितीतरी नवरा-नवरींची नावं होती, पण लिंबाजीआजोबांचं नाव कुठेच नव्हतं.

लुंबिनी मल्लेशच्या घरी गेली. तो माठामागे बसला होता. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. तेव्हा तो पुटपुटला, "काकानंच देलं मला ते."

"मुकुटाचं पाकीट?"

"हाव. म्या कागद मागितला. ते फोनवर बोलून राहिले होते."

"अन् आतला कागद?"

"त्यो त्यांच्या हातात व्हता."

लुंबिनी धावतच परतली. पण काकांना काही आठवेना. आपण महत्त्वाचं पाकीट पोराला देऊ कसे, हेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आणि खरंच, फोन कानाला लागला की काकांचं बाकीचं शरीर काय करतं, याचा त्यांना स्वतःलाही पत्ता नसायचा.

"मंग त्यांना परत फोनवर बोलायला लावू," आदर्श म्हणाला. "अन् बघू काय करतात ते."

आता असा फोन कोणाचा हवा, की काकांना तो तोडता येणार नाही? साक्षीला विचारच करावा लागला नाही. तिचे आजोबा शेषेराव एकदा सोयाबीनच्या बियाण्यावर बोलू लागले, की समोरचा माणूस म्हातारा होई, आणि त्या वडीलधाऱ्याचा फोन मध्येच तोडायची गल्लीत कोणाची छाती नव्हती.

बेत ठरला आणि साक्षी आजोबांना फोन लावायला सांगून आली. "काका, एवढं धरा जरा," म्हणत लुंबिनीनं लग्नपत्रिकेचं एक पान काकांच्या हातात दिलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

काका बोलत बोलत उठले. तिघं अनवाणी पावलांनी मागे. ओट्यावरून माजघरात, माजघरातून मागच्या खोलीत. चालता चालता हातातल्या पानाची एक घडी झाली, मग दुसरी, मग चौथी. मागच्या खोलीत लिंबाजीआजोबा बाजेवर पडले होते आणि खिडकीतला कूलर खडखडत होता. काकांना शेषेरावांचं बोलणं ऐकू येईना. त्यांचा हात आपोआप वर गेला, घडी केलेलं पान कूलर आणि चौकटीच्या फटीत गेलं आणि खडखड थांबली. काका "हाव आबा, हाव" म्हणत बाहेर निघून गेले.

आदर्श स्टुलावर चढला. फटीतून आधी ते पान निघालं. मग विजेचं बिल, मग औषधाचा कागद. सगळ्यात आत एक पिवळट घडी होती, एका कडेनं ओलसर झालेली. लुंबिनीनं ती जीव मुठीत धरून उलगडली. शाई फुटली नव्हती.

"ते रोजच खोचतेत तिथं," आजोबा बाजेवरून म्हणाले. "मला वाटलं, बिलं असतील. मला कुणी इचारलंच न्हाई."

मग त्यांनी कागद मागून घेतला आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. आमच्या घरात शाळेच्या रजिस्टरात पडलेलं हे पहिलं नाव, एवढंच ते बोलले. बुद्धप्रियाताई दारातच उभी होती. ती येऊन त्यांच्या पायाशी बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. कागद सावलीत सुती फडक्यावर वाळत पडला आणि आदर्श त्याच्या राखणीला बसला.

काका परत आत आले आणि त्या फटीत बोट घालून बघू लागले. शेषेराव फोन बंद करून स्वतःच आले आणि सगळी हकिकत ऐकून म्हणाले, "गुरुजी, हे पोरं लई हुशार निघाले. तुमच्यावर नजर ठिवायची अक्कल आमाला कवा आली न्हाई." आजोबांनी तर पुढची खोली सुट्टी संपेपर्यंत पोरांच्या नावावर करून टाकली.

लुंबिनीला बरं वाटलं, पण पुरतं नाही. "काका," ती म्हणाली, "मल्लेशनं तवापासून कागदाला हात लावला न्हाई."

काकांनी टोपलीतून एक जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि तडक मल्लेशच्या घरी गेले. माठासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चूक माझी होती, बाळा. पाकीट मीच तुला दिलं अन् मीच तुला बोललो. तू काहीच केलं नव्हतंस."

मल्लेशनं वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं. "हे कामाचं हाय का?"

काकांनी पान उघडलं, उलटसुलट केलं, झटकलं. "न्हाई. बघ तूच."

त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं दोन्ही बाजू नीट तपासल्या. मग पाठीमागचे हात पुढे आले. पानाचा एक कोपरा त्यानं स्वतः धरला, दुसरा काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, "सरळ धरा. घडी वाकडी नगं पडाया."