दोर हाताला गुंडाळू नये

मारेन त्या दिवशी किनाऱ्यावर गेली ती आत्यासाठी धुरावलेला मासा आणायला, प्रेमात पडायला नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे गावानं भलतंच सांगितलं.

जून उजाडला की दूर उत्तरेच्या समुद्रातल्या फानो बेटावर पतंगवाली माणसं उतरतात. रिंडबीच्या रुंद वाळूवर त्यांच्या गाड्या उभ्या राहतात आणि आभाळात घराएवढे कापडी मासे पोहायला लागतात. बेटावरच्या पोरीला त्याचं कौतुक किती, तर गवळ्याला दुधाचं असेल तेवढं. मारेन मान खाली घालून सायकल ढकलत चालली होती. तेवढ्यात एक जाड दोर तिच्या नाकासमोरून सरसरत गेला.

तिनं वर पाहिलं. निळाशार देवमासा, शेपूट आपटत, समुद्राकडे निघालेला. खाली एक उंच तरुण टाचा वाळूत रोवून मागे रेलला होता, तरी फरफटत पुढेच चालला होता. त्याच्यामागून वाळूची एक गोणी उड्या मारत येत होती. पतंग तिला बांधला होता आणि ती जमिनीतून उपटून निघाली होती.

आता कुणी शहाणी बाई असती तर बाजूला झाली असती. पण मारेनच्या घराण्यात दोर हातात आला की धरायचाच. बाप्ये वर्षानुवर्षं समुद्रावर, बायकांनी होड्या ओढल्या, गुरं ओढली, संसार ओढले. तिनं सायकल टाकली, धावली, त्याच्या पुढ्यात दोर पकडला आणि होडीचा धरावा तसा डाव्या हाताला एक वेढा घेतला.

"सोडा," तो ओरडला. "हातातून सोडा आधी."

सोडायचं कसलं... वाऱ्याचा झोत आला, वेढा आवळला आणि तिची बोटं पांढरी पडली. सोडायचं म्हटलं तरी आता सुटणार नव्हतं. तिला काही कळायच्या आत तो पुढे झेपावला, कमरेचा चाकू काढला आणि तिच्या हाताच्या पुढचा दोर सपकन कापला.

देवमासा मोकळा झाला. एकदा गिरकी घेऊन वर चढला, मग लाटांवर जाऊन दिसेनासा झाला.

"अहो, मी मदतीला आले होते," मारेन धापा टाकत म्हणाली.

"मदतच केलीत. आता हात दाखवा."

तळव्यावर लालभडक वळ उठला होता, करंगळीच्या मुळाशी कातडं सोललं होतं. त्यानं बाटलीतलं गार पाणी त्यावर हळूहळू ओतलं. मग एकेक बोट वाकवायला लावलं. हे... आता हे. मग मनगट, खाली, वर. त्याची स्वतःची बोटं खरखरीत होती, पण धरणं असं, जणू चिमणीचं पिल्लू उचललंय.

"हात बघताय की नाडी?"

"दोन्ही. नाडी जरा जोरात आहे."

"रागाची आहे ती."

"असेल," तो म्हणाला आणि हात मात्र त्यानं सोडला नाही.

त्याचं नाव आस्गेर. दूरच्या स्वेन्बोर्ग बंदरात होड्यांची शिडं शिवायचा. पतंग त्याचाच, सबंध हिवाळा खपून शिवलेला. मारेनला हे कळलं तेव्हा तिचा राग कुठल्या कुठे गेला. आणि ऐन उन्हाळ्यातल्या सांत हान्सच्या सणाच्या होळीला गावच्या नाचात तिला व्हायोलिन वाजवायचं आहे, डाव्या हातानंच तारा दाबायच्या आहेत, हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

घरी आत्यानं तो हात पाहिला आणि मासा ठेवायचा राहूनच गेला. सोनरहो गावच्या नाचाला आजवर आत्याच वाजवायची. आता सांधेदुखीनं तिची बोटं बाभळीच्या फांद्यांसारखी वाकली होती. गावात दुसरं वाजवणारं कोणी नाही. मारेनचा हात निकामी झाला तर पंचायतघरात लाऊडस्पीकर लागणार आणि गाव तबकडीवर नाचणार.

"माझी बोटं वयानं नेली," आत्या म्हणाली. "तुझी मूर्खपणानं जायची होती का गं? आणि तीही पतंगवाल्यापायी. वाऱ्यावर पोट भरणारी माणसं ती."

"त्यानं स्वतःचा पतंग कापला, आत्या. माझ्या हातासाठी."

"स्वतः शिवलेला?"

"सबंध हिवाळा."

"हं. म्हणजे अगदीच वाया गेलेला नाही."

आत्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी गावानं ऐकलेली नव्हती. आस्गेर दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आला तेव्हा त्याला राय धान्याचा काळा पाव आणि मासा मिळाला, तिसऱ्या दिवशी न विचारता कॉफी. मलम लावायला मारेनचा उजवा हात धडधाकट होता, पण ही गोष्ट दोघांनाही सुचली नाही... आत्याला सुचली होती. ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

जखमेवर कोवळं कातडं धरलं. बोटं तारांवर फिरायला लागली. मग मारेनच्या मनाला देवमासा टोचायला लागला. रिंडबीला समुद्रानं घेतलेलं, वारा पश्चिमेचा असला की, सोनरहोच्या दक्षिणेच्या वाळूपट्टीवर परत येतं. पिवळे अंबरखडे वेचणाऱ्या प्रत्येक पोरीला हे ठाऊक असतं. ओहोटीला तिनं आस्गेरला तिकडे नेलं. दोघं अनवाणी चालली. देवमासा होता, शेवाळात पाय पसरून झोपलेल्या म्हाताऱ्यासारखा, पोटात वाळू भरलेला, एक पर फाटलेला.

आस्गेर गुडघ्यावर बसला. कापडावरून हात फिरवत राहिला. मारेनला वाटलं, आपल्या हातावरूनही हा असाच फिरवत होता. मग तिनं दुसरीकडे पाहिलं.

पर शिवून झाल्यावर त्यानं देवमासा उडवायचा ठरवला. तिनं फक्त बघावं, म्हणाला. ती म्हणाली, बघायला मी गाय आहे का?

"मग माझं ऐकावं लागेल."

"बघू."

त्यानं या वेळी वाळूत दोन गोण्या पुरल्या, कोपरभर खोल. त्या दिवशी घाईत एकच, तीही उथळ पुरली होती, हे त्यानं तिनं विचारण्याआधीच सांगितलं. चामडी हातमोजे तिच्या हातात चढवले. दोराचं वेटोळं पायापासून लांब सरकवलं. मनगटात फास अडकवायचा नाही, म्हणाला, पतंग ओढायला लागला की मनगट आधी जातं. आणि काहीही झालं तरी दोर हाताला गुंडाळायचा नाही. मग त्याची नजर उजव्या हातमोज्यावर आलेल्या एका फुगवट्यावर गेली.

"ती अंगठी काढा. दोर तिच्यात अडकला तर बोट घेऊन जाईल." त्यानं नजर दोराकडे वळवली. "साखरपुड्याची असेल तर... तरीही काढा."

"आईची आहे."

"बरं," तो म्हणाला. इतका मोकळा श्वास नुसत्या 'बरं'साठी कोणी सोडत नाही. अंगठी त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकून बटण लावलं.

देवमासा वर गेला. तिच्या हातांखालून दोर गुणगुणत होता, जाड तारेसारखा. ती हसली. तेवढ्यात समुद्रावरून झोत आला, दोराला हिसका बसला आणि तिच्या मुठी आपोआप आवळल्या. वेढा घ्यायला मनगट वळलंसुद्धा. सात पिढ्यांची खोड ती, एका मलमानं थोडीच जाते?

"उघड," आस्गेर तिच्या कानाशी म्हणाला. ओरडला नाही. "मूठ उघड, मारेन."

पहिल्यांदाच त्यानं तिला अगं-तुगं केलं होतं. तिनं हात उघडले.

दोर चामड्यावरून सर्रकन निघून गेला, गोणीपाशी ताणला, टणत्कार झाला. देवमासा तिथेच आभाळात डोलत राहिला. मारेन कधी वर बघे, कधी आपल्या रिकाम्या हातांकडे.

"सोडला... तरी गेला नाही."

"म्हणून तर आधी नीट पुरायचं," तो म्हणाला.

सांत हान्सच्या संध्याकाळी होळी पेटली. त्या दिवसांत उजेड मावळायचं नावच घेत नाही. पंचायतघरात बाकं भिंतीला लावली आणि मारेननं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. आत्या पहिल्या बाकावर, मांडीवर वाकडी बोटं. पहिलं गाणं संपेपर्यंत ती बोटं पोरीबरोबर तारा दाबत होती. मग स्वस्थ झाली. पोरीचा हात शाबूत होता.

आस्गेर दाराशी टेकून उभा होता. सकाळच्या फेरीबोटीनं त्याला जायचं होतं. अंगठी अजून त्याच्याच खिशात होती. तिनं मागितली नव्हती, त्यानं दिली नव्हती.

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, मारेनकडे पाहिलं आणि उठली.

"आण ते व्हायोलिन इकडे. एकच गाणं वाजवीन, दुसऱ्याची ताकद नाही माझ्यात. तेव्हा जे काय असेल ते तेवढ्यात उरका." आणि दाराकडे वळून, "काय रे, पाय आहेत ना तुला?"

"मावशी, मला नाच येत नाही."

"तिला येतो."

सोनरहोचा नाच म्हणजे जोडीनं भिंगरीसारखं फिरत राहायचं, थांबायचं नाही. एकमेकांना घट्ट धरलं नाही तर जोडी फेकली जाते. आस्गेरनं तिचा हात धरला तो उघड्या तळव्यावर, हलका. पहिल्याच गिरकीत दोघं बाकावर जाऊन आदळली. सगळं पंचायतघर हसलं.

"घट्ट धर," मारेन म्हणाली.

"माझा नियम आहे. सुटता आलं पाहिजे."

"तो पतंगाचा. हे आमचं गाव आहे."

त्यानं पकड आवळली... थोडी. दोघं फिरू लागली. मागे आत्याचं वाजवणं अडखळत होतं, एखादा सूर घसरत होता, तरी ती थांबत नव्हती.

"तुझी अंगठी द्यायची राहिलीय," तो म्हणाला. "सकाळच्या आत द्यायला हवी. पण द्यावीशी वाटत नाहीये मला."

"मग नको देऊस."

"मारेन... मी सकाळी गेलोच नाही तर?"

"आणि शिडं?"

"शिडं इकडेही फाटत असतीलच."

तिचा चेहरा त्याच्या खांद्यापाशी होता. हसू लपवायला बरी जागा.

"इथला वारा बघितलास ना तू? महिन्याला एक फाटतं."

तेव्हा कुठे त्यानं तिला धरलं, जसं सोनरहोत धरतात तसं, दोन्ही हात तिच्या पाठीमागे घट्ट गुंफून. तिला सुटायचं नव्हतं, आणि तिला सुटता येईल हे त्यालाही ठाऊक होतं.

गाणं संपलं. मारेननं मान वळवून पाहिलं. आत्यानं व्हायोलिन खाली ठेवलं नव्हतं. वाकडी बोटं एकदा फुंकर मारून चोळली, पोरीकडे न बघता हनुवटी टेकवली आणि दुसरं गाणं सुरू केलं.