दांडा

गाड्या पोचवणाऱ्या कंपनीच्या यार्डात ट्रेलरच्या वरच्या मजल्यावरून तिची छोटी निळी गाडी उतरत होती, आणि ती खाली काठी टेकून उभी राहून श्वास रोखून बघत होती. लेक सासरहून यावी तशी! दुसऱ्या राज्यातून, तीन हद्दी ओलांडून गाडी आली होती. अंगावर धूळ, काचांवर चिखलाचे शिंतोडे... पण आली होती बिचारी एकदाची.

"एक ओरखडा नाही, मॅडम!" यार्डवाला हसत पुढे आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू यानेच गाडी डोक्यावर घेऊन आणली. "हवं तर भिंग लावून बघा."

"भिंग माझ्याकडे असतंच. मी डोळे तपासते," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिलाही हसू आलं होतं. तेवढ्यात तिने दार उघडलं.

हसू जागच्या जागी विझलं.

"दांडा कुठाय?"

"कसला दांडा?"

"अहो, कसला म्हणजे? स्टिअरिंगशेजारचा! पुढे ढकलला की ब्रेक, अंगाकडे ओढला की वेग. माझा उजवा पाय लहानपणापासून कामाचा नाही. मी हाताने गाडी चालवते. तो दांडा कुठाय?"

यार्डवाल्याने वाकून आत पाहिलं. नुसते दोन रिकामे बोल्ट. त्याचा चेहरा उतरला. त्याने तिथल्या तिथे गाडी जिथून निघाली त्या यार्डात फोन लावला, आणि पलीकडचा माणूस अगदी निवांत बोलला, "तो लोखंडी दांडा होय? गाडी वर चढवताना गुडघ्याला लागत होता. म्हटलं, कुणीतरी मागाहून लावलेलं दिसतंय. गाडी रिकामी पाठवायची, जादा सामान ठेवायचं नाही, नियमच आहे ना साहेब! काढून ठेवलाय नीट कपाटात."

"जादा सामान!" ती इतक्या जोरात ओरडली की ट्रेलरवरचा ड्रायव्हर खाली वाकून बघायला लागला. "उद्या कुणाचा चष्मा काढून ठेवाल जादा सामान म्हणून! आणि वर तुम्ही म्हणता ओरखडा नाही!"

"तुमचं बरोबर आहे," यार्डवाला म्हणाला.

"बरोबर आहे ते मला माहितेय! त्याचं करायचं काय ते सांगा!"

घरी तिला ठिणगी म्हणायचे, ते काही उगाच नाही. पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती तिची तिलाच ठाऊक होती. या शहरात, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नव्या नोकरीवर ती दादाशी भांडून आली होती. "एकटी कशी राहशील?" या त्याच्या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर होतं, गाडी. दादा रविवारी येणार होता. तोवर ती आपली आपण फिरत नसेल, तर सामान बांधून परत. तसं कबूलच केलं होतं तिने, रागाच्या भरात.

"दांडा पुढच्या ट्रेलरने मागवतो," यार्डवाला म्हणाला. "चारेक दिवसांत येईल. तोपर्यंत... मी सोडतो तुम्हाला दवाखान्यात. तुमच्याच गाडीने. सकाळ-संध्याकाळ."

"मला ड्रायव्हर नकोय. मला माझी गाडी हवीय."

"माहितेय. पण चूक आमची आहे ना... मग पायपीट तुम्ही का करायची?"

तिला नाही म्हणायचं होतं. पण सकाळचा टॅक्सीवाला आठवला. काठीकडे बघून म्हणाला होता, "सोबत कोणी नाही का तुमच्या?" ती फणकाऱ्याने शेजारच्या सीटवर जाऊन बसली. स्वतःच्याच गाडीत पाहुणी!

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

"ब्रेक दाबताय की झुरळ मारताय?"

"तुमची गाडी नाजूक आहे हो. मला चौदा चाकांची सवय."

"मग तिला चौदा चाकं समजू नका. आणि वळणावर हॉर्न का? समोर चिटपाखरू नाही."

"तुम्ही बोलायच्या थांबाल असं वाटलं..."

तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून. काच खाली होती, वारा केस उडवत होता, आणि यार्डवाला समोरचा रस्ता सोडून एक क्षण भलतीकडेच बघत होता.

"रस्ता समोर आहे," ती म्हणाली.

"हो... दिसतोय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली, आणि तीच घात करून गेली. संध्याकाळी तिला दारात सोडलं की तो गाडी लावायचा, आणि उतरण्याआधी सीट पुन्हा पुढे सरकवायचा. आरसाही फिरवायचा, तिच्या उंचीला. रोज. कुणी सांगितलं नव्हतं.

"सकाळी परत मागे सरकवावीच लागते ना?" तिने एकदा विचारलं.

"हो."

"मग?"

"जागा तुमची आहे," तो म्हणाला, किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि बसथांब्याकडे चालू लागला. त्या रात्री ठिणगीला झोप लागायला जरा उशीरच झाला.

दादाचा फोन रोज यायचा. "झाली का गाडी चालू?" "होतेय. दांडा यायचाय." "म्हणजे नाही. बॅगा भरायला घे." ती फोन आपटायची, आणि सकाळी रविवारी दादा येणार म्हणून यार्डवाल्यावर राग काढायची. तो निमूट ऐकून घ्यायचा. रोज विचारायची, "आला का?" तो म्हणायचा, "येईल."

शनिवारी दवाखाना अर्धाच दिवस होता. दुपारी ती गाडीत बसली, पण यार्डवाल्याने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो नुसताच बसून राहिला.

"काय झालं? किल्ली फिरवायची विसरलात?"

"दांडा आलाय."

"आला?" तिने टाळीच वाजवली. "अहो मग असं सुतकी तोंड काय करताय! कधी आला? आत्ता?"

"गुरुवारी."

ती थांबली. "गुरुवारी... म्हणजे परवा?"

"डिकीत आहे. तुमच्याच." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तो बसवला की मग सकाळी यायचं काही कारण उरलं नसतं. म्हटलं, एक दिवस. मग आणखी एक... मला तुम्ही फार आवडता. पण उद्या तुमचे दादा येणार, आणि मी... मला नाही राहवलं."

दुसऱ्या एखादीला हे ऐकून गहिवरून आलं असतं. आपल्या ठिणगीला आला तो संताप, आणि का येऊ नये?

"मी आवडते?" ती कडाडली. "हे सांगायला तोंड दिलंय ना देवाने? गुरुवारी मला मंडईत जायचं होतं, नाही गेले. शुक्रवारी दवाखान्यातल्या सगळ्या नाटकाला गेल्या, मी घरी बसले, कारण परत कोण सोडणार? आणि माझा दांडा माझ्याच डिकीत! तू माझे पाय लपवून ठेवलेस, समजतंय का तुला? आवडते म्हणून!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"समजतंय," तो म्हणाला. "माफी मागायलाही तोंड नाही मला."

"मग मागू नकोस. पाना काढ आणि बसव."

त्याने बसवला. रस्त्याच्या कडेला, उन्हात, गाडीत उलटा वाकून. तिच्या गावच्या मेकॅनिकला फोनवर विचारत विचारत. ती काठी टेकून त्याच्या डोक्याशी उभी होती, एक शब्द न बोलता, आणि तिच्या बाबतीत हे बोलण्यापेक्षा भयंकर होतं. शेवटचा बोल्ट आवळून त्याने दांडा दोनदा हलवून पाहिला, सीट पुढे सरकवली आणि बाजूला झाला.

"आता सकाळी येऊ नकोस," ती म्हणाली. दांडा अंगाकडे ओढला, आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. आरशात बघितलं, ते वेगळं.

रविवारी दादाला आणायला स्टँडवर तीच गेली. दादा जीव मुठीत धरून बसला होता आणि प्रत्येक सिग्नलला पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. घर बघितलं, दवाखाना बघितला, मंडई बघितली. संध्याकाळी परत स्टँडकडे जाताना म्हणाला, "चालवतेस बाई झकास. हरलो मी. पण हा दांडा वेळेवर आला कसा?"

झालं! धरण फुटलं. यार्डवाल्याचा सगळा पाढा तिने दादासमोर वाचला. गुरुवार, शुक्रवार, डिकी, सगळं. "असा राग आला होता, असा राग..."

स्टँड आला, तशी दादाने बॅग मांडीवर ओढून घेतली. "खरं सांगू? मी आठवडाभर मनात म्हणत होतो, तो दांडा हरवला तर बरं. म्हणजे तू घरी येशील."

"दादा!"

"माझ्या हातात पडला असता ना, तर मीही लपवला असता. आणि तुला कधी सांगितलंही नसतं." तो बॅग घेऊन उतरला. "त्याने निदान सांगितलं."

"तुम्ही सगळे एका माळेचे मणी!" ती ओरडली. पण दादाला हात हलवताना तिचे डोळे भरून आले होते.

सोमवारी ती एकटी दवाखान्यात गेली. किती स्वप्नं पाहिली होती या सकाळची! रस्ता मोकळा, वारा छान, हॉर्न वाजवून सतावणारं कुणी नाही. तिने एका वळणावर म्हटलंसुद्धा, "काय हा माणूस, मधेच घुसतो!" आणि शेजारून कुणी काही बोललं नाही. याचाही तिला रागच आला. छळवाद नुसता! माणूस नसतानाही छळतो!

संध्याकाळी निळी गाडी यार्डाच्या फाटकातून आत शिरली ती थेट ट्रेलरपाशी. यार्डवाला कुणाची तरी पांढरी गाडी हाताच्या खुणांनी उतरवून घेत होता. तिला बघून त्याचे हात हवेतच राहिले, आणि वर पांढऱ्या गाडीतला माणूस ओरडला, "अहो, येऊ की थांबू?"

"आधी त्याला उतरव," ती काच खाली करून म्हणाली. "मग इकडे ये."

तो आला. धुळीने माखलेला, पेन्सिल कानामागे, जीव डोळ्यांत आणून. "गाडीत काही बिघाड...?"

"काही नाही. ऐक. मी अजून रागावलेली आहे, आणि बरेच दिवस रागावलेली राहणार आहे."

"बरोबर आहे तुमचं."

"आणि मला तू आवडतोस." तिने एका दमात सांगून टाकलं. "बघ, सांगितलं की नाही? लागला का वेळ? लपवावं लागलं का काही?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग उभा काय राहिलास खांबासारखा! ये, बस. तिकडच्या दाराने."

तो धावतच वळसा घालून आला आणि शेजारच्या सीटवर बसला. गुडघे कुठे ठेवावेत कळेना, पट्टा सापडेना.

"कुठे जायचंय?" त्याने हळूच विचारलं.

"मी नेईन तिकडे," ती म्हणाली, आणि दांडा अंगाकडे ओढला.