दीपाची सीट

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात, सुपरमार्केटसमोर एक लाल गाडी मागे येत माझ्या ट्रॉलीला हळूच टेकली. गाडी चालवत होती आमच्या मराठी मंडळातली दीपा. तिच्या शेजारच्या सीटवरून एक उंच मुलगा उतरला.

“सॉरी हं. मी गिरीश. आज आम्ही फक्त रिव्हर्स करतोय.”

आम्ही... तो शब्द मला मिरचीसारखा झोंबला.

“ड्रायव्हिंग शिकवता?”

“ड्रायव्हिंग शिकायचं, हे फार मोघम झालं. दीपाला उन्हाळ्यात एकटीनं जॉबला जायचंय, हा प्रोजेक्ट. मग त्याचे तुकडे— रिव्हर्स, लेफ्ट टर्न, हायवे.”

गाड्यांच्या कंपनीतला इंजिनिअर तो, सगळ्याचेच सुटे भाग करायचा. दीपा त्याच्याकडे बघून गोड हसली आणि माझं डोकं फिरलं.

“मलाही शिकवा ना. मला काहीच येत नाही.”

लायसन्स पर्समध्ये होतं आणि माझी निळी गाडी दुकानामागे.

“तुमचा प्रोजेक्ट नेमका काय?”

“तो... नंतर सांगते.”

मग दर रविवारी मी गाडी दुकानामागे लावून, मावशीनं सोडलं म्हणत यायची. मुद्दाम धक्के देत ब्रेक दाबायची. स्टिअरिंग सावरताना त्याचा हात माझ्या हाताला लागायचा आणि मी सुखावणार, इतक्यात तो म्हणायचा, “दीपाला हे पटकन जमलं.” सारखं आपलं दीपा, दीपा.

एका भुरभुर पावसाच्या रविवारी तो म्हणाला, “दीपाचं पॅरलल पार्किंग बघायला हवं होतं तुम्ही.”

झालं. दोन गाड्यांमधल्या फटीत मी एका दमात गाडी लावली. मग जीभ चावली.

“मावशींनी शिकवलं वाटतं?” तो शांतपणे म्हणाला. “दर रविवारी दुकानामागे उभ्या असतात ना... निळ्या, चार दरवाजांच्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माहीत होतं, तर शिकवत का राहिलात?”

“प्रोजेक्ट कळायची वाट बघत होतो, शैला.”

“मला दीपाच्या सीटवर बसायचं होतं. ती तुमच्या शेजारी बसलेली मला बघवत नव्हती.”

त्याचे कान लाल झाले. “दीपाला लायसन्स मिळून महिना झाला. ती येत नाही आता.”

“मग सारखं तिचं नाव—”

“तुम्ही चिडलात की लेफ्ट टर्न फार सुरेख घेता.”

मी हसले. तो मात्र हसला नाही.

“माझाही एक प्रोजेक्ट आहे. मोठा... तुमच्या आईबाबांना विचारावं लागेल, एवढा.”

“तुकडे करा की त्याचे.”

“पहिला, हे अहो-जाहो बंद. दुसरा, आज तू मला कॉफी प्यायला ने. तुझ्या गाडीतून.”

मी त्याच्या गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“चल, गिरीश,” मी म्हटलं. “मावशी वाट बघतेय.”