स्क्वॉड्रनचा वजनकाटा

भुताला न घाबरणारा अख्ख्या सान रोके गावात एकच माणूस, तो म्हणजे मी. कारण मला अजून एकही दिसलेलं नाही. दिसेल त्या रात्री बायकोच्या पांघरुणात शोधा मला. नेस्तोर, दात काढू नकोस, ग्लास पुढे सरकव. आमच्या तेओदुलोला मात्र दिसलं.

तेओदुलो वायुदलाच्या मालवाहू स्क्वॉड्रनमध्ये होता. विमानात माल नि माणसं तोलून चढवायची, हे त्याचं काम. निवृत्त होताना पठ्ठ्यानं तिथला जुना वजनकाटा घरी आणला आणि वीस वर्षं त्यावर डुकरं तोलली. यंदा स्क्वॉड्रनला पन्नास वर्षं झाली. इतिहासाचं पुस्तक निघणार, त्यात एक अख्खं पान तेओदुलोचं, फोटोसकट: ‘यानं एकही माणूस मागे ठेवला नाही.’ पानाच्या आशेनं तो महिनाभर केस काळे करत होता.

पुस्तक लिहिणाऱ्या कॅप्टन लेर्माचा फोन आला. “तेओकाका, काटा सकाळी सातला हँगरमध्ये हवा. प्रदर्शनात मांडायचाय.”

“डुकरांचा वास येईल हं.”

“आमच्या जवानांमध्ये कुणाला कळणार नाही.”

काट्याला राखाडी रंग फासून, साइडकारच्या मोटरसायकलवर टाकून गडी निघाला. गुरुवार, चौदा नोव्हेंबर, रात्री दहा चाळीस. पहाटे उठायचं जिवावर येतं म्हणून रात्रीच. हवाई तळ आठ किलोमीटरवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस.

गावाबाहेरचं चॅपेल मागे पडलं आणि गाडी ओढेना. उतरून बघतो तर काट्यावर काही नाही, सुई मात्र अठ्ठेचाळीसवर. हादऱ्यानं सरकली असेल म्हणून त्यानं ती शून्यावर आणली. शंभर पावलं गेला असेल नसेल.

पुन्हा अठ्ठेचाळीस.

हा आकडा त्यानंच एकदा खडूनं लिहिला होता, एका बाईला याच काट्यावर तोलून. वादळ, बेटावरची धावपट्टी, समुद्र वर चढतोय. बाईचं नाव सालोमे, तिथल्या शाळेत शिकवायची. “वजन जास्त होतंय बाई, उतरा. पुढच्या खेपेला नेतो.” पुढची खेप झालीच नाही. त्याच संध्याकाळी धावपट्टीवरून पाणी गेलं. आणि विमानात मागे, ताडपत्रीखाली, तेओदुलोची स्वतःची विकायला घेतलेली सुकी मासळी होती. पन्नास किलो.

सुई हलली. एक्कावन्न. पंचावन्न.

बुडालेलं माणूस जड होत जातं, पोरांनो.

एकसष्ट. चाक डांबरात रुतायला लागलं. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. खारं पाणी... इथून समुद्र कुठे?

मागे बघायचं नाही. नाहीच बघायचं.

कानाशी आवाज आला. हजेरी घेतात तसा, सावकाश.

“वजन जास्त होतंय... उतर.”

“बाई, मी...”

“उतर.”

उतरला. इंजिन बंद. दिवा बंद. आणि गाडी... चढावर... एकटीच निघाली.

तिच्यामागे दोन्हीकडचा ऊस मिटला.

उजाडता उजाडता तो पायी तळावर पोचला. गाडी हँगरच्या दाराशी उभी होती, काटा आत मांडलेला. सुई शून्यावर. पण कालच्या ताज्या रंगावर दोन अनवाणी पावलं उमटली होती, लहानशी. चिखलाची नव्हेत. तेवढाच पत्रा गंजानं खाल्ला होता, वर्षानुवर्षं समुद्रात पडल्यासारखा.

कॅप्टन लेर्मा वाकून बघत होती.

“कुणाचा तरी चावटपणा,” तेओदुलो म्हणाला. “रंगाचा एक हात मारून देतो. तुम्ही माझं पान तेवढं छापायला धाडा.”

“धाडते की, काका. आधी ही पावलं कुणाची, तेवढं सांगा.”