आग्रह न करणारा वाढपी

त्या काळी सांगलीत राउटर घ्यायला जाणारा माणूस वेग किती, असं विचारत नसे. वाटप कसं करतो, असं विचारी. त्रिशला उपाध्येनंही दुकानात शिरल्या शिरल्या तेच विचारलं. घरात येणारी जोडणी बेताची आणि खाणारी तोंडं चार. नवरा भरतेश घरी बसून लोखंडाच्या कारखान्यातली यंत्रं लांबून चालवायचा. मुलगी चंदना डॉक्टरकी शिकत होती, म्हणजे दिवसभर पडद्यावरची आभासी शरीरं कापत बसायची. त्रिशला शाळेत भूगोल शिकवायची. तिला आणि तिच्या सासूबाई पद्मावतीबाईंना स्मृतिजोड होती.

स्मृतिजोड एव्हाना चष्म्याइतकी सवयीची झाली होती. चाळिशीनंतर आठवणी पुसट व्हायला लागल्या, की कानामागे तांदळाच्या दाण्याएवढी चकती बसवत. आठवणींची प्रत दूरच्या साठ्यात ठेवलेली असे. समोर चेहरा आला की चकती साठ्याला विचारी आणि उत्तर मेंदूत उतरे, इतकं झटकन की माणसाला वाटे, आपल्यालाच आठवलं. नुसत्या नावाला बँडविड्थ थोडी लागे. चेहरा, आवाज, त्या माणसाबरोबर काढलेली वर्षं यांना भरपूर. सवयींना मात्र काहीच लागत नसे, कारण त्या अंगातच मुरलेल्या असतात.

दुकानदारानं स्वस्तातलं एक मॉडेल पुढे ठेवलं. नाव होतं ‘वाढपी’.

“पंगतीतल्या वाढप्यासारखाच आहे बघा, वहिनी. ज्याला पाहिजे त्याला वाढणार. दर तीन महिन्यांनी एकेकाला विचारणार. महागातला घेऊन काय करताय?”

त्रिशलाला नाव आवडलं, आणि किंमत त्याहून आवडली.

संध्याकाळी वाढप्यानं गोड आवाजात विचारायला सुरुवात केली, “आपल्याला पुरेसा वाटा हवा का?” भरतेश, चंदना, त्रिशला, तिघंही हो म्हणाली. पद्मावतीबाई मेथी निवडत होत्या.

“मला कशाला? नको नको. पोरांचं आधी होऊ दे.”

“नोंद घेतली. आभारी आहे,” वाढपी म्हणाला. सगळे हसले.

घरातली कामं भराभर होऊ लागली. “कसला भारी निघाला गं हा!” म्हणून भरतेशनं बायकोच्या खरेदीचं चक्क कौतुक केलं. पद्मावतीबाई मात्र गप्प गप्प राहू लागल्या. वय झालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. असली निदानं माणसं फार लवकर करतात, कारण त्यात आपल्याला काही करावं लागत नाही.

मग एके दुपारी चंदना अभ्यासातून उठून बाहेर आली. पद्मावतीबाईंनी तिला बस म्हटलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन त्रिशलाला हळूच विचारलं, “ती मुलगी कुणाची गं? गोड आहे.”

दुसऱ्याच दिवशी त्रिशला मिरजेला डॉ. गौतमी किणीकरांकडे गेली. वाढप्याचं वाटपाचं गणित त्यांनीच लिहिलेलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“वाढप्यानं विचारलं तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या?”

“नको म्हणाल्या. पण ते आपलं म्हणायचं म्हणून वो!”

“यंत्राला ते कळत नाही. नको म्हणणारा माणूस शेवटच्या पंगतीला जातो. हो म्हणणाऱ्यांचं झालं की उरलंसुरलं त्याला. तुमच्या घरी काही उरतच नाही.”

“मग पुन्हा विचारायचं की! आमच्यात पहिलं नको कुणी धरतच नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटात पडू द्यायचं.”

“कायद्यानं पुन्हा विचारता येत नाही. पूर्वी कंपन्या विचारून विचारून लोकांकडून हो वदवून घेत. म्हणून एकदा नको म्हणजे तीन महिने नको. दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीनं हो म्हणायचं नाही. राउटर बदललात तरी त्यांचा नकार त्यांच्याबरोबर जाणार. मीही इथलीच हो. घरी पाहुणा आला की मीसुद्धा आग्रह करते. गणित लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. नकाराचा मान राखायचा, एवढंच डोक्यात होतं.”

तीन महिने होईपर्यंत त्रिशलानं सासूबाईंना रोज पढवलं. “वाटा हवा का म्हणून विचारलं की हो म्हणायचं, आई.”

“म्हणते की.”

तो दिवस आला. वाढप्यानं आधी पद्मावतीबाईंना विचारलं.

“नको, पुरे,” त्या म्हणाल्या. शिकवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. जन्मभराचं ‘नको’ तेवढं जागेवर होतं.

आता घरातल्या कुणीतरी आपला वाटा सोडला तरच त्यांच्यासाठी काही उरणार होतं. त्रिशलानं भरतेशकडे पाहिलं. त्याच्या यंत्रांना वितळलेल्या लोखंडाच्या बादल्या लोंबकळत असत आणि खाली माणसं असत. चंदनाची परीक्षा तोंडावर आली होती. दोन्ही कारणं खरी होती.

“माझं राहू दे,” त्रिशला म्हणाली.

“नोंद घेतली. आभारी आहे.”

आठवड्याभरात पद्मावतीबाई परत आल्या, दुसरा शब्दच नाही. “चंदू, किती वाळलीस गं!” म्हणून त्यांनी नातीला जवळ घेतलं, आणि चंदना रडली. वारलेल्या नवऱ्याचा चेहरा, त्यांचं खाकरणं, बाहुबलीच्या डोंगरावर त्यांनी घेऊन दिलेले पेरू, सगळं त्यांना आठवलं. त्या दिवसभर बोलत राहिल्या. घरात आनंद झाला.

त्रिशला वर्गातल्या मुलांची नावं विसरू लागली. मग रस्ते. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. जे आठवत नाही ते आठवत नाही, हेही तिला आठवत नव्हतं. ती छान हसायची. हे ओळखलं एकट्या पद्मावतीबाईंनी.

“भरतेश, तुझ्यातलं थोडं सोड की रे,” त्या म्हणाल्या.

“पुढच्या वेळी बघू, आई.”

वाढपी उरलेलं गरज पाहून वाटायचा, आणि आता त्रिशलाची गरज वाढली होती. माप तिच्याकडे झुकू लागलं. एका सकाळी पद्मावतीबाईंना नवऱ्याचा चेहरा आठवेना. भुवया आठवत होत्या, खालचं सगळं पांढरं. मागच्या वेळी आठवणी जाताना काही कळलं नव्हतं. या वेळी सगळं कळत होतं.

पुन्हा तीन महिने भरले. चौघं बसली होती.

“आपल्याला पुरेसा वाटा हवा का?”

‘नको’ जिभेवर आलंच होतं. सून या वेळीही नकोच म्हणणार आणि आपण हो म्हटलं तर तिच्यासाठी काही उरणार नाही, हे पद्मावतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ओठ घट्ट दाबले.

“हवा,” त्या म्हणाल्या. “मला हवा.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. भरतेशनं मान वर केली. वाढपी त्रिशलाकडे वळला.

“मला कशाला?” ती हसून म्हणाली. “मला काय कमी आहे? माझं राहू दे.”

“नोंद घेतली. आभारी आहे.”

त्रिशला उठली, सासूबाईंच्या खांद्यावरची शाल तिनं नीट केली आणि आत गेली. पद्मावतीबाईंना लाज वाटली, फार वाटली. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि नवऱ्याचा चेहरा आठवून पाहिला. तो लगेच आला, अगदी स्पष्ट.